सहा छटाकांचा अच्छेर

नत्थुजी माळी फार चांगला माणूस होता, असं आमच्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या. मी तसं सांगणार नाही. तो भाजी चांगली पिकवायचा, भोपळे फारच चांगले पिकवायचा, आणि आयुष्यात चार दिवस वाईट वागला. ते चार दिवस गाळले तर सांगण्यासारखं उरतं काय? वांगी, मेथी आणि मोट. तेव्हा त्या चार दिवसांसकट सांगते.

तो माझ्या आजीचा बाप. आजीचं नाव माणिक. हे सगळं घडलं तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. बापावर तिचा फार जीव, पण सांगताना तिनं कधी त्याची बाजू घेतली नाही, म्हणून तिच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवते.

अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांचा मळा होता. तिकडे अमेरिकेत आपसांत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. कोणी म्हणे गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. नत्थुजीनं त्या पाहिल्या नव्हत्या, माणिकआजीनंही नाही. एवढं मात्र खरं की ज्याच्याकडे दोन बैल आणि थोडी काळी जमीन होती तो त्या तीन-चार वर्षांत गाणंबजावणं ऐकण्याइतका मोकळा झाला. मग गाणारे-वाजवणारेही इकडे येऊ लागले. त्यांतलेच एक केशवराव बीनकार. हैदराबादेकडे शिकलेले, अमरावतीच्या व्यापाऱ्यांकडे वाजवायला निघालेले. वाटेत गाडी उलटली आणि त्यांच्या बिनीचा एक भोपळा फुटला. भोपळा कुठे मिळेल म्हणून विचारत ते नत्थुजीच्या मळ्यात आले.

नत्थुजीकडे भोपळे होते. वेलावरच वाळू दिलेले, आतून पोकळ, टिचकी मारली की बोलणारे. केशवरावांनी तीन वाजवून चौथा निवडला. नवा भोपळा बसवेपर्यंत ते आठ दिवस मळ्यातच राहिले, आणि त्या आठ दिवसांत नत्थुजीचं डोकं फिरलं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

ही बीन कशी, ते सांगते. लांब दांडी, खाली दोन भोपळे, वर तारा. पडदे नाहीत. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातात एक जड गुळगुळीत गोटा धरून तो तारांवरून सरकवत न्यायचा. त्याला बट्टा म्हणतात. बट्टा थांबेल तिथे सूर. हलका असला तर तार खरखरते. फार जड असला तर मनगट जातं आणि सूर जागेवर थांबत नाही, पुढे घसरतो. केशवरावांचा बट्टा काचेचा होता, अंड्यासारखा. तो त्यांच्या हाताला बसायचा. नत्थुजीच्या हाताला नाही, कारण डाव्या हाताचं मधलं बोट मोटेच्या नाड्यात सापडून कायमचं ताठ झालं होतं. काचेचा गोटा त्या बोटावरून निसटायचा.

जाताना केशवराव बिनीची एक जुनी दांडी त्याला देऊन गेले, भोपळे त्याच्याकडे होतेच. पुढे येता-जाता मळ्यात उतरायचे आणि शिकवायचे. दोन हिवाळे असे गेले. दिवसभर मोट, भाजी, बाजार, आणि दुपारच्या जेवणानंतर तासभर बीन. बोटं मातीची, पण कान चांगला, असं केशवराव म्हणत. अडत होतं ते बट्ट्यापाशी. नत्थुजीनं नदीतला गोटा घासून पाहिला. खलाचा बत्ता कापून पाहिला, त्यावर बायकोनं, पार्बताबाईनं, दोन दिवस अबोला धरला. लोहाराकडून लोखंडाचा तुकडा आणला, तर घामानं त्यावर गंज चढे आणि तारा काळ्या पडत.

आता खुशालराव. हा नत्थुजीचा लहानपणापासूनचा सोबती, कापसाच्या बाजारात मापारी. शेतकरी कापूस आणणार, अडत्या घेणार, आणि दोघांच्या मध्ये तराजू धरणार तो मापारी. दोघांचा विश्वास त्याच्या हातावर. प्रत्येक मापाऱ्याची मापं, म्हणजे तराजूत घालायची वजनं, आपापली असत आणि त्यांवर ज्याचा त्याचा शिक्का ठोकलेला असे. खुशालरावाचा शिक्का नांगराचा. त्याच्या मापांतला पितळेचा अच्छेर, म्हणजे अर्ध्या शेराचं माप, एकदा दगडावर पडून त्याची कड उडाली. टवका गेलेलं माप तराजूत घालायचं नाही असा बाजाराचा दंडक. खुशालरावानं नवा अच्छेर करवला आणि जुना नत्थुजीच्या हातावर ठेवला. भरीव पितळ, चार बोटं लांब, ढोलकीसारखं मध्ये फुगीर. नत्थुजीनं तो तारेवर टेकवला मात्र आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. असा सूर त्या मळ्यात आधी कधी निघाला नव्हता.

खुशालराव एकच गोष्ट बोलून गेला. शिक्का घासून टाक. पहिलं काम ते कर.

नत्थुजी हो म्हणाला, आणि सगळं केलं, तेवढं सोडून.

आठ महिने तो त्या पितळेच्या मागे लागला होता. शेराचे छटाक सोळा, तेव्हा अच्छेराचे आठ. आठ छटाक त्याच्या मनगटाला झेपत नव्हते. आधी त्यानं कानशीनं दोन्ही अंगं चपटी केली, अंगठ्यासाठी एक, शिक्क्याची जागा तेवढी सोडून, आणि ताठ बोटासाठी एक. वर पहिल्या बोटासाठी पन्हळ काढली. तरी जड. मग सुताराच्या सामत्यानं एका टोकाकडून भोक पाडत आत गेला आणि पोट पोखरलं. वजन उतरलं, पण आता तो पोकळ तुकडा तारेवर भांड्यासारखा वाजू लागला. ते घुमणं मारायला त्यानं आत कापूस ठासला आणि तोंड लाखेनं बुजवलं. सोन्याच्या भावाचा कापूस एका गोट्याच्या पोटात कोंबतो म्हणून पार्बताबाई हसली. तळ मात्र त्यानं विटेची पूड, मग राख, मग तेल लावलेलं कापड असा घासला की त्यात तोंड दिसावं. शेवटी सहा छटाक राहिला. ना कमी ना जास्त.

आणि शिक्का? नत्थुजी घासायला बसला होता, एकदा नव्हे, दोनदा. पण तो नांगर नेमका अंगठ्याखाली आला होता. त्याच्या खरबरीत रेघांवर अंगठा रुतायचा, घामातही घसरायचा नाही. इतकं सुख दुसऱ्या कशानं मिळालं नसतं. त्यानं शिक्का ठेवला.

त्याच वर्षी बाजारात कुरबूर सुरू झाली. कोणीतरी पोखरलेली मापं वापरतं, अर्ध्या शेरामागे माल कमी भरतो आणि शेतकऱ्याचा फायदा होतो, असं अडते म्हणू लागले. खरं-खोटं देव जाणे. पंचांनी ठरवलं की सगळ्या मापाऱ्यांनी जुनी-नवी सगळी मापं आणून मांडायची. टवका गेलेली, झिजलेली सगळ्यांदेखत घणानं फोडायची. कोणाची किती मापं शिक्का मारून घेतलेली आहेत हे पंचांना ठाऊक होतं. खुशालरावाची दहा. त्याच्याजवळ नऊ.

निरोप धाडण्यात वेळ न घालवता तो भर दुपारी स्वतःच मळ्यात आला. बांधावर बसला नाही.

"तो अच्छेर दे गड्या," तो म्हणाला. "परवा मांडाचा हाय."

नत्थुजीनं बट्टा आणून दिला. खुशालरावानं तो तळहातावर तोलला. मापाऱ्याचा तळहात तो, त्याला तराजू लागत नाही. मग उलटा करून लाखेचं बूच पाहिलं, आणि शेवटी अंगठ्याखालचा नांगर.

"शिक्का काहून नाई घासला?"

"आंगठा तिथंच बसते."

खुशालरावानं लाखेवर नख ओढून पाहिलं. पोखरलेलं, लाखेनं बुजवलेलं, दोन छटाक कमी, आणि वर आपला शिक्का. चोराचं माप असतं ते याहून वेगळं काय असणार? पण तो शहाणा माणूस होता. रागानं काही बोलला नाही, तोडगा काढला.

"हा असा नुसता मांडला तं मले जोड्यानं मारतीन," तो म्हणाला. "तू संगं चाल. बीन घेऊन चाल. लोकाईसमोर बसून वाजव. दिसू दे सगळ्याईले का हे माप नाई, वाजवाची वस्तू हाय. मंग फोडतीन तं फोडू दे."

झालं होतं असं की अमरावतीला केशवरावांची बैठक होती. बैठक चार दिवसांवर, गाडीचा रस्ता तीन दिवसांचा. निघायचं दुसऱ्या दिवशी पहाटे. केशवराव त्याला पहिल्यांदा चार जाणत्यांपुढे वाजवायला बसवणार होते, आणि हात पसंत पडला तर सुगीनंतर हैदराबादेला शिकायला नेणार होते. नत्थुजीचं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढे. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं.

तो म्हणाला, "अमरावतीहून आलो का पयले तुह्यासाठी वाजवतो. पंचाईले सांग, आठ दिवस थांबा म्हना."

"ते थांबत नाईत."

"सांगून तं पाह्य."

बट्टा अजून खुशालरावाच्याच हातात होता. त्याचंच पितळ, त्याचाच शिक्का. घेऊन निघून जाता आलं असतं. त्यानं तो नत्थुजीच्या हातात परत ठेवला. एकदा दिलेली वस्तू मागून मिळाली तर घ्यायची, ओढून नाही. इतका सरळ माणूस. मला अशा सरळपणाचा राग येतो, पण तो तसा होता खरा.

संध्याकाळी पार्बताबाई नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या त्या गोट्याले देव्हाऱ्यात ठेवा, अन् खुशालभाऊले उकिरड्यावर."

नत्थुजीनं तिला समजावलं. पोखरलेलं माप चव्हाट्यावर नेलं तर खुशालचंच जास्त नुकसान. नाही नेलं तर पंच फार तर म्हणतील की एक माप हरवलं. हरवलेल्या मापाचं काय एवढं? ऐकायला बरोबर वाटतं. माणिकआजी म्हणायची, बाप हे सांगत होता तेव्हा तो आईकडे पाहत नव्हता, बट्ट्याला तेल लावत होता.

पहाटे गाडी निघाली.

अमरावतीला त्यानं उत्तम वाजवलं. इथे त्यानं वाईट वाजवलं, सूर घसरला, तार तुटली असं काही घडलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. तसं झालं नाही. बट्टा तारेवर तेलासारखा फिरला, ताठ बोट पन्हळीशेजारी निवांत बसलं, अंगठा नांगरावर. आयुष्यात असं त्यानं वाजवलं नव्हतं आणि पुढेही नाही. ऐकणारे लोक सरकून पुढे आले. केशवरावांनी शिष्य म्हणून त्याच्या मनगटात दोरा बांधला, सुगी झाली की ये म्हणाले. मग त्यांनी बट्टा मागून घेतला, उलटसुलट पाहिला, कारागिरीचं कौतुक केलं आणि अंगठा फिरवत विचारलं, "हा नांगर कुणाचा?"

"माह्या दोस्ताचा."

"मोठा जिवाचा दोस्त दिसतो. त्याला आणायचं होतं बरोबर."

पुढे जेवणाची पंगत बसली. नत्थुजी पानावरून उठला.

तो अकोल्याला परत आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. पंचांनी दहावं माप कुठे म्हणून विचारलं. खुशालरावानं खरं ते सांगितलं, माळ्याला वाजवायला दिलं. माळी कुठे? गावाला गेला. माप कुठे? त्याच्याबरोबर गेलं. लोक हसले. अर्ध्या शेराचं पितळ कोणी वाजवायला नेतं का? हरवलेलं माप म्हणजे कुठेतरी वापरात असलेलं माप, असा हिशोब त्यांनी काढला. बाजाराच्या रीतीप्रमाणे त्याच्या तराजूची दांडी गुडघ्यावर मोडून त्याच्यापुढे टाकली. दांडी मोडलेल्या मापाऱ्याला कुठल्याच बाजारात कोणी तराजू धरू देत नाही. तिसऱ्या दिवशी खुशालराव बायकोला, दुर्गाबाईला, घेऊन तेल्हाऱ्याला तिच्या भावाकडे निघून गेला.

नत्थुजी गाडीतून उतरला तसाच, बीन खांद्यावर घेऊन, पंचांकडे गेला. बट्टा पुढे ठेवला, तिथेच बसून वाजवून दाखवलं. आता त्यांना ते पटेना. दोस्ताला वाचवायला आठ दिवसांत घासून आणलास, एक जण म्हणाला. तळावरची झिलई आठ दिवसांची नाही हे कळायला बीन वाजवावी लागते, आणि पंचांतला कोणी वाजवणारा नव्हता. हीच बैठक आठ दिवस आधी झाली असती तर? माणिकआजी हा प्रश्न विचारायची आणि मग स्वतःच म्हणायची, झाली नाही ना.

मग तो बीन घेऊनच तेल्हाऱ्याला गेला. खुशालराव मेहुण्याच्या वावरात कापूस वेचत होता. बायकांच्या ओळीत, कमरेला ओटी बांधून. हे काम पुरुष करत नसत. नत्थुजीला पाहून तो ओळ सोडून आला, लिंबाखाली बसला, पाणी दिलं. नत्थुजी माफीचं बोलू लागला तसं त्यानं हातानंच थांबवलं.

"वाजव," तो म्हणाला.

नत्थुजीनं वाजवलं. वेचणाऱ्या बायका हात थांबवून ऐकत होत्या. खुशालराव शेवटपर्यंत ऐकत राहिला, मान खाली. संपल्यावर त्यानं बट्टा घेतला, तळहातावर पुन्हा एकदा तोलला.

"सहा छटाक," तो म्हणाला. "चांगलं वाजते लेका. त्या दिवशी वाजवाले पायजे होतं."

एवढंच. नत्थुजी परत निघाला तेव्हा खुशालरावानं त्याच्या गाडीत दोन काकड्या ठेवल्या. माळ्याच्या गाडीत काकड्या! पण रिकाम्या हातानं पाठवायचं नाही म्हणून.

नत्थुजी हैदराबादेला गेला नाही. केशवरावांचा निरोप दोनदा आला. दुसऱ्यांदा तर त्यानं उत्तरही धाडलं नाही. बीन मळ्यातल्या खोपीत टांगली ती टांगलीच. अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचा भाव जसा चढला तसाच धाडकन उतरला, आणि ज्यांनी अर्ध्या शेरासाठी माणूस उठवला ते अडते एकेक करून गाशा गुंडाळून गेले. त्यांच्या जागी नवे आले. त्यांना खुशालराव कोण हेही माहीत नव्हतं, तेव्हा त्याचं नाव धुऊन घ्यायला समोर कोणी उरलंच नाही.

भाव उतरला त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नत्थुजीनं लाखेचं बूच काढलं. आतला कापूस निघाला तो काळा, तेलकट, बोटभर. मग शिसं वितळवून तो पोटात ओतू लागला. थोडं ओतायचं, तोलायचं, पुन्हा ओतायचं. पार्बताबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला की माप होतं, माप करून परत देतो. बरोबर आठ छटाक भरल्यावर त्यानं तोंड बुजवलं. सवयीनं एकदा हातात धरून पाहिला असेलच. मनगटाला तो आता पेलत नव्हता. ते त्याला आधीच ठाऊक होतं. आठ महिने घालवून उतरवलेलं वजन एका सकाळीत परत चढलं.

तो घेऊन तेल्हाऱ्याला गेला तर खुशालराव तापानं गेलेला. दोन महिने झाले होते, आणि कळवायला कोणी आलं नव्हतं. का येतील? दुर्गाबाई अंगणात तूर पाखडत होती. त्यानं अच्छेर तिच्यापुढे ठेवला, खुशालचा आहे, आता पुरा भरतो, म्हणाला.

दुर्गाबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "घेऊन जा भाऊजी," ती म्हणाली. "आमच्या घरी आता तराजू नाई."

तेव्हापासून तो अच्छेर आमच्याकडे आहे. नत्थुजीनं पुढे तीस वर्षं मळा केला. भोपळे वेलावर वाळू द्यायची सवय मात्र सोडली नाही. कोणी बीनवाला-तंबोरावाला आला तर निवडून द्यायचा, बसून वाजवून दाखवा म्हणायचा नाही. दुपारी जेवण झालं की विहिरीच्या काठावर बसायचा, अच्छेर मुठीत, अंगठा नांगरावर. माणिकआजीचं लग्न होऊन ती सासरी गेली, माहेरी आली, पुन्हा गेली, तरी बाप तिथेच तसा बसलेला असे.

मागे मी तो किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. जुन्या अर्ध्या शेराला बरोबर भरतो. दुकानदारानं विचारलं, यावर शिक्का कुठे आहे? डोळ्यांना आता दिसत नाही. अंगठा ठेवला तर लागतो, तोही जरासा.